रॅचेट स्क्रू ड्रायव्हर: दाते किती ते नंतर बघा, आधी खिट्टी कशावर टेकते ते बघा

नवी मुंबईच्या रबाळे एमआयडीसीत विजेची कंट्रोल पॅनेलं बनवणाऱ्या एका पॅनेल शॉपमध्ये मी वायरिंग सुपरवायझर आहे. ठाण्याच्या आयटीआयमधून इलेक्ट्रिशियनचा ट्रेड केला तेव्हापासून स्क्रू ड्रायव्हर हातात आहे. मोटर कंट्रोलचं एखादं मध्यम पॅनेल धरलं, तरी टर्मिनल (वायर आवळायची जागा), कॉन्टॅक्टर (मोटर चालू-बंद करणारा स्विच), एमसीबी (फ्यूजच्या जागी असतो तो ट्रिप होणारा स्विच), डीन रेल (हे सगळं बसवायची पट्टी), डक्ट (वायरी झाकायची प्लास्टिकची नळी) असं मिळून शेकड्यांनी स्क्रू फिरवावे लागतात. तेही वाकून, बाजूच्या वायरी सांभाळत. साध्या ड्रायव्हरने प्रत्येक वळणाला मूठ सोडून पुन्हा धरावी लागते आणि संध्याकाळी मनगट बोलायला लागतं. माझ्या हाताखालच्या मुलींपैकी बऱ्याच जणी मनगटाला पट्टा बांधून यायच्या. बॅटरीचा ड्रायव्हर रेल आणि डक्टच्या कामाला चांगला आहे, पण दोन डक्टच्या मधल्या फटीत तो जात नाही आणि छोट्या टर्मिनलचा स्क्रू त्याच्या हाती द्यायला माझा जीव होत नाही. म्हणून आमच्याकडे रॅचेट आले, म्हणजे मूठ न सोडता मागे फिरवता येते आणि स्क्रू फक्त एकाच दिशेने फिरतो असे ड्रायव्हर, आणि टिकतात किती हा प्रश्नही त्यांच्यासोबतच आला.

खरेदीच्या पानांवर या हत्याराचं जे कौतुक लिहिलेलं असतं, ते बहुतेक डबा उघडल्याच्या दिवशीचं असतं. नवा रॅचेट कुठलाही असो, छानच वाजतो. मला लिहायचंय ते रोज वापरून, पावसाळा काढून, आतून उघडून पाहिल्यावर काय दिसलं त्याबद्दल. आमच्या टेबलावर तीन प्रकारचे आहेत. पहिला ठाण्याला जांभळी नाक्याकडच्या बाजारातून घेतलेला, तीन-चारशे रुपयांत डबाभर बिटांसकट (बदलून बसवायच्या टोकांसकट) मिळतो तसला. दुसरा मधल्या किमतीचा, तैवानचा शिक्का असलेला, मुठीच्या पोटात बिट ठेवायची सोय असलेला. या दोघांच्या तक्रारी पुढे येणार आहेत, म्हणून त्यांची नावं लिहीत नाही. तसंही त्याच साच्याचा माल वेगवेगळ्या नावांनी विकला जातो. तिसरा जर्मन वेरा कंपनीचा 816 आरए. त्याची किंमत दुसऱ्याच्या तिपटीच्या पुढे जाते.

आधी आत काय असतं ते सांगते, कारण सगळी मजबुती तिथे ठरते. मधोमध पात्याला जोडलेलं एक छोटं दातेरी चक्र. त्याच्या दातांत अडकणाऱ्या दोन खिट्ट्या, एक उजवीकडच्या फिरण्यासाठी, एक डावीकडच्या. प्रत्येकीच्या मागे बारीक स्प्रिंग. मुठीजवळची रिंग फिरवली की एक खिट्टी उचलली जाते आणि दुसरी कामाला लागते. खिट्टी तांदळाच्या दाण्याहून फार मोठी नसते. आता हिशेब करून बघा. चक्राची त्रिज्या 6 मिलिमीटर धरली आणि तुम्ही मुठीवर 6 न्यूटन-मीटर (पिळायचा जोर, म्हणजे टॉर्क मोजायचं माप) जोर लावलात, तर त्या एवढ्याशा खिट्टीवर 1000 न्यूटनचा दाब येतो. म्हणजे शंभर किलोंच्या आसपास वजन. समोरासमोर दोन खिट्ट्या एकाच दिशेला काम करत असतील तर ते वाटलं जातं आणि चक्र एका बाजूला ढकललंही जात नाही. एकच असेल तर सगळं तिच्यावर.

डब्यावर मात्र छापलेलं असतं ते दात्यांचं. 72 दाते म्हणजे 5 अंशांवर पुढचा दाता मिळतो, 36 म्हणजे 10 अंश, 24 म्हणजे 15. अडचणीच्या जागी 5 अंशांचा फार उपयोग होतो, ते मी नाकारत नाही. डक्टच्या खाली हात घातल्यावर मनगट जेमतेम हलतं, तिथे 15 अंशांचा रॅचेट पुढे सरकतच नाही. पण दाते वाढले की प्रत्येक दाता उथळ होतो. खिट्टी नीट सरळ बसली तर उथळ दातेही भार घेतात, कारण चांगल्या खिट्टीच्या तोंडावर दोन-तीन दाते असतात आणि ते एकदम अडकतात. तीच खिट्टी जराशी तिरकी झाली की टोकाचा एकच दाता लागतो, आणि तो सुटतो.

आमच्या स्वस्त रॅचेटचं नेमकं हेच झालं. सुरुवातीचे दिवस बरे गेले. मग कधीकधी जोर देताना ‘टक’ करून मूठ एक दाता पुढे पळायची. मग वारंवार. एकदा अर्थिंगचा स्क्रू आवळताना तो निसटला आणि आमच्या एका मुलीची बोटं सी-चॅनेलच्या धारेवर गेली. तीन टाके पडले. ड्रायव्हरवर आपण नुसतं फिरवत नाही, खाली दाबतही असतो. तो अचानक सुटला की सगळं वजन समोरच्या पत्र्यावर जातं. कमी किमतीतला रॅचेट लवकर झिजतो, यात नवल नाही. तो झिजताना हात कापतो, म्हणून मला त्याबद्दल लिहावंसं वाटलं.

तो उघडला तेव्हा माझी अपेक्षा होती की दाते घासलेले असतील. तसं नव्हतं. चक्र पोलादी होतं आणि ठणठणीत होतं. खिट्ट्यांची टोकंही थोडीशीच गोल झालेली. गेलं होतं ते खिट्टीचं घर. ज्या खोबणीत ती बसते ती प्लास्टिकची होती, आणि रोजच्या भाराने खोबण रुंद झाली होती. खिट्टी त्यात डुगडुगत होती आणि भार आला की मागे झुकत होती. डब्यावर ‘क्रोम व्हॅनेडियम’ लिहिलेलं खोटं नव्हतं. पण ते पात्याबद्दल होतं. पातं पोलादाचं, चक्र पोलादाचं, आणि शंभर किलो ज्याच्यावर टेकतात ती भिंत प्लास्टिकची. या तीन हत्यारांतला सगळा फरक मला त्या एका भिंतीत दिसला. मधल्या किमतीच्या ड्रायव्हरमध्ये ती भिंत धातूची आहे.

मग आमच्या टेस्टिंगच्या काकांनी सुचवलं की मोजूनच बघू. पिळायचा जोर मोजणारा पाना, म्हणजे टॉर्क रेंच, शॉपमध्ये असतोच. मुठीभोवती सायकलची जुनी ट्यूब घट्ट गुंडाळून ती व्हाइसमध्ये धरली, बिटाच्या जागी षटकोनी दांड्याचा चौकोनी अडॅप्टर घातला आणि टॉर्क रेंचने सावकाश भार वाढवत नेला. झिजलेला स्वस्त रॅचेट 4 न्यूटन-मीटरच्या आसपास सुटला. त्याच जातीचा नवा कोरा घेतला, तो 8 च्या पुढे गेला. मधला 14 च्या जवळ कुरकुरला, पण सुटला नाही. तिथे मीच थांबवलं. वेरा 15 पर्यंत नेला, त्याला काही झालं नाही. त्याहून पुढे मुठीच ट्यूबमध्ये घसरायला लागल्या. ही प्रयोगशाळेची चाचणी नाही, पण तिन्ही हत्यारांना एकच व्हाइस आणि एकच रेंच मिळाला, तेवढी तुलना खरी धरता येईल.

हे आकडे कशाशी ताडायचे? अडीच स्क्वेअरच्या (अडीच चौरस मिलिमीटर वायरीच्या) टर्मिनलच्या एम 3, म्हणजे 3 मिलिमीटर जाडीच्या स्क्रूला उत्पादक साधारण 0.5 ते 0.6 न्यूटन-मीटर मागतात. एमसीबीला 2 किंवा त्याहून थोडं जास्त. एम 6 च्या बोल्टला 8-10 लागतात आणि ते पान्याचं काम आहे. म्हणजे रोजच्या वायरिंगला स्वस्त रॅचेटसुद्धा कागदावर पुरेसा आहे. पण नव्याचे 8 आणि झिजलेल्याचे 4 यांमध्ये जे घडतं त्याला टिकाऊपणा म्हणायचं. शिवाय हात कधी सावकाश भार वाढवत नाही, झटका देतो. जाम झालेला स्क्रू सुटताना जो हिसका बसतो, तो या 4 ला सहज गाठतो.

इथे एक समजूत आहे, आमच्याकडे तर जवळजवळ सगळ्यांचीच होती. रिंग मधल्या खुणेवर आणली की रॅचेट ‘लॉक’ होतो, म्हणजे आता तो साधा, सलग ड्रायव्हर झाला, आता हवा तेवढा जोर लावा. बहुतेक रॅचेटमध्ये मधल्या खुणेवर एवढंच होतं की दोन्ही खिट्ट्या एकदम दातांत बसतात. तुम्ही उजवीकडे पिळलंत तर भार उजवीकडच्याच खिट्टीवर येतो, मघाशी येत होता तेवढाच. लॉक केल्याने ड्रायव्हर दोन्हीकडे फिरवता येतो, जास्त मजबूत होत नाही. म्हणून आमच्या शॉपमध्ये नियम आहे: गंजलेला, रंगाने बसलेला किंवा आधीच कुणी डोकं खाल्लेला स्क्रू रॅचेटने सोडवायचा नाही. त्याला सलग पात्याचा साधा ड्रायव्हर, ज्याच्या मानेला षटकोन असतो आणि वर पाना लावता येतो. नाशिकच्या तापडिया कंपनीचे किंवा तसल्या साध्या ड्रायव्हरचे एकदोन नग प्रत्येक टेबलावर असतातच. काम ज्याचं त्याने केलं की रॅचेटही वर्षानुवर्षं टिकतो.

जोराइतकीच महत्त्वाची आणि क्वचितच कुणी बोलतं अशी गोष्ट म्हणजे परतीची ओढ. मूठ मागे फिरवताना खिट्टी दातांवरून घसरते आणि पात्यालाही थोडं मागे ओढते. स्क्रू घट्ट असेल तर कळत नाही. पण टर्मिनलचा स्क्रू सुरुवातीला हलका फिरतो. ओढ जास्त असेल तर तुम्ही पुढे जितकं फिरवता तितकंच तो मागे येतो, आणि मग बोटांनी पातं धरून काम करावं लागतं. रॅचेटचा मुद्दाच संपला. जड स्प्रिंग घातली की आवाज दमदार येतो आणि दुकानात लोकांना तो मजबुतीचा वाटतो. माझ्या अनुभवात उलटं आहे. वेरामध्ये आवाज बारीक आहे आणि परत येताना हाताला जेमतेम जाणवतं. हलक्या स्क्रूवर तो या तिघांत स्पष्टपणे पुढे आहे, आणि आमच्या कामात हलके स्क्रूच जास्त.

पावसाळ्याने मधल्या ड्रायव्हरची परीक्षा घेतली. रबाळे-महापेच्या पट्ट्यात खाडीची दमट हवा, आसपासचे रासायनिक कारखाने आणि जुलैतला ओलावा यांत उघडं पोलाद तग धरत नाही. बिटांवर तांबूस ठिपके आले ते चालतं, बिट बदलता येतात. त्याची रिंग मात्र जड झाली आणि पुढे तिची खूण ‘टक’ करून बसेनाशी झाली. हे दिसतं त्याहून वाईट आहे. रिंग अर्धवट राहिली की खिट्टी अर्धवट उचललेली राहते आणि भार आल्यावर दाता सोडते. म्हणजे आतलं सगळं शाबूत असूनही हत्यार निसटतं. मी उघडून साफ केला तेव्हा आत तांब्याचा बारीक भुगा आणि ग्लँड प्लेटला (केबल आत घ्यायच्या पत्र्याला) भोकं पाडताना उडालेला चुरा ग्रीसमध्ये मळून बसलेला होता. साफ झाल्यावर पुन्हा नव्यासारखा चालला. तेव्हापासून ड्रिलिंगच्या टेबलावर रॅचेट ठेवायला बंदी आहे.

तेलाबद्दल एक कळकळीची विनंती. गंज सुटायला मारतात तो पातळ स्प्रे रॅचेटमध्ये मारू नका. तो आतलं ग्रीस धुऊन काढतो, दोन दिवस मस्त चालतो आणि मग कोरडं पोलाद पोलादावर घासतं. उलट बेअरिंगचं घट्ट ग्रीस भरलं तर खिट्टी चिकटते, स्प्रिंगला ती वेळेवर ढकलता येत नाही आणि रॅचेट निसटू लागतो. आम्ही रॉकेलने साफ करून, पूर्ण वाळवून शिवणयंत्राच्या तेलाचे एक-दोन थेंब देतो. दिवाळीच्या सुट्टीआधी आणि पावसाळा संपल्यावर, एवढं पुरतं.

मधल्या ड्रायव्हरची आणखी एक कुरबूर: मुठीच्या शेवटी बिट ठेवायच्या कप्प्याचं झाकण तडकलं. पोकळ मूठ सोयीची असते, पण तळहाताने ज्या जागी दाबायचं तिथेच झाकण असतं. वेराच्या 816 आरएची मूठ सलग आहे, बिट वेगळे सांभाळावे लागतात. फिरत्या कामाच्या माणसाला ते अडचणीचं वाटेल. मला टेबलावर काम करायचं असतं, मला सलग मूठ आवडते. तिचा आकार तळहातात भरतो आणि तेलकट हातातही फिरत नाही. बिट नुसता आत ढकलला की बसतो, तोंडावरच्या बाहीने सुटतो. त्या तोंडात बिट डोलत नाही हे मला मुठीपेक्षाही मोलाचं वाटतं, कारण डोलणारा बिट स्क्रूचं डोकं खातो.

डोकं खाण्यावरून सांगते. रॅचेट ‘घसरतो’ म्हणून माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींपैकी निम्म्या रॅचेटच्या नसतातच. बहुतेक एमसीबी आणि कॉन्टॅक्टरच्या स्क्रूंवर चपटी खाच आणि पोझीड्राइव्ह (फुलीचाच एक प्रकार) यांची मिसळ असते. आपल्याकडे सगळ्या फुलीला ‘स्टार’ म्हणतात आणि सरसकट फिलिप्सचा बिट लावतात. पोझीड्राइव्हच्या नुसत्या फुलीच्या डोक्यावर मधल्या कोपऱ्यांत चार बारीक रेघा दिसतात, आणि बिटावर पीझेड लिहिलेलं असतं. फिलिप्सच्या खाचेच्या भिंती तिरक्या असल्याने बिट भाराखाली वर सरकतो. पोझीड्राइव्हच्या भिंती जवळजवळ सरळ असतात, म्हणून योग्य बिट लावला तर तो वर येत नाही. योग्य बिट घेतल्यावर आमच्या स्वस्त रॅचेटनेही बरंच चांगलं काम केलं, हे त्याच्या बाजूने लिहायला हवं.

आणि हे सगळ्यात आधी लिहायला हवं होतं इतकं गंभीर आहे: या तिघांपैकी एकही रॅचेट चालू लाईनवर वापरायचा नाही. मुठीला रबर आहे म्हणजे तो इन्सुलेटेड नाही. आयईसी 60900 प्रमाणे तपासलेल्या हत्यारावर दुहेरी त्रिकोणाची खूण आणि 1000 व्होल्ट लिहिलेलं असतं आणि पातं जवळजवळ टोकापर्यंत झाकलेलं असतं. इथे रिंग, तोंड, बिट सगळं उघडं धातू. घरी स्विचबोर्ड उघडतानाही मेन बंद करूनच.

दुकानात घेताना मी काय बघते ते सांगते, काउंटरवर दोन मिनिटांत होतं. बिट दोन बोटांच्या चिमटीत हलका धरायचा आणि मूठ मागे फिरवायची. बिट बोटांतून फिरला तर ओढ जास्त. मग रिंग दोन खुणांच्या मध्ये मुद्दाम ठेवून बघायची. ती तिथेच राहिली तर ठेवा परत, ती आपणहून एकीकडे उडी मारून बसली पाहिजे. मग लॉक करून मूठ डावी-उजवी हलवायची. थोडा खेळ चालतो. पण मूठ सैल हाताने फिरवल्यावर खडखड ऐकू आली तर आतली खोबण नव्यातच ढिली आहे. दुकानदार शेठ म्हणतात, ‘ताई, स्क्रू ड्रायव्हरच आहे, एवढं काय बघता?’ तरीही बघू द्या म्हणायचं. मुंबईत मशिद बंदरच्या नागदेवी स्ट्रीटला, हत्यारांच्या बाजारात, बहुतेक ठिकाणी हातात देतात. ऑनलाइन घेतलात तर हीच तपासणी परत पाठवायची मुदत संपायच्या आत करा.

घरात कपाटाची बिजागरी, खेळण्यांचे सेल, पंख्याचं झाकण एवढंच करणाऱ्याला वेराची गरज नाही. त्याने धातूच्या घराचा मधला घ्यावा आणि सोबत एक साधा, सलग पात्याचा ड्रायव्हर घ्यावा. तीन-चारशेचा डबा बिटांसाठी घ्यायला हरकत नाही, बिट त्यात ठीक असतात, फक्त जोराचं काम त्या मुठीने करू नये. रोज आठ तास वायरिंग करणाऱ्याला मी वेराच सांगेन, आणि मालकाला सांगायचं असेल तर मनगटाच्या पट्ट्यांकडे बोट दाखवून सांगेन. आमच्या टेबलावर हा आल्यापासून दोघी मुलींचे पट्टे सुटलेत. ऑक्टोबरच्या खरेदीत प्रत्येक टेबलाला एक अशी मागणी मी लिहून दिली आहे.